शिकारिणीचा आहेर

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला, की शिकारीच्या मासिकांत आणि दुकानांच्या पत्रकांत एक ठरावीक मजकूर अवतरतो. शिकार करणाऱ्या पुरुषाला नाताळची भेट काय द्यावी याची एक यादी, आणि तिच्या शेजारच्या चौकटीत शिकार करणाऱ्या स्त्रीला काय द्यावे याची दुसरी. पहिल्या यादीत दुर्बीण, सुरी, बूट, डोक्याला बांधायचा दिवा असा ऐवज असतो. दुसऱ्या यादीत काडतुसाच्या पितळी बुडाची कर्णफुले असतात, हरणाच्या शिंगांची नक्षी असलेला कॉफीचा पेला असतो, झाडपाल्याच्या छापाची पण गुलाबी रंगात बुडवून काढलेली टोपी असते. पहिली यादी शिकाऱ्यासाठी लिहिलेली आहे. दुसरी स्त्रीसाठी लिहिलेली आहे, आणि ती स्त्री शिकार करते ही गोष्ट तिच्यात केवळ नक्षीपुरती उरली आहे. माझा वाद या दुसऱ्या यादीशी आहे.

मराठी साहित्याच्या अध्यापिकेने परदेशातल्या दुकानांच्या याद्या वाचून चिडावे, यात काहींना गंमत वाटेल. वाटो. भेट निवडणे हा मूलतः वाचनाचा प्रकार आहे असे मला वाटते. समोरच्या माणसाचे आयुष्य आपण किती नीट वाचले आहे, हे भेटीतून जितके उघडे पडते तितके भाषणांतून पडत नाही. समीक्षकाने कवितेवर आपलीच कविता लादावी तशी काही माणसे भेटी देतात.

शिकारिणीची पहिली मागणीयादी साहित्यात सापडते ती इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात. अलेक्झांड्रियाच्या कॅलिमाकस या ग्रीक कवीने आर्टेमिस देवीवर एक स्तोत्र रचले. त्यात लहानगी आर्टेमिस बापाच्या, म्हणजे झ्यूसच्या, मांडीवर बसून हट्ट करते. तिचे मागणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चिरकौमार्य आणि पुष्कळशी नावे ही देवपणाला साजेशी मागणी आधी येते. मग मात्र ती कामाचे बोलू लागते. शिकार करताना पायांत घोटाळू नये म्हणून गुडघ्यापर्यंतच पोहोचेल असा काठाचा अंगरखा. जोडे आणि कुत्रे सांभाळायला वीस परिचारिका. सगळे डोंगर. धनुष्यबाण बापाकडे मागत नाही, ते सायक्लोप्सांकडून घडवून घेईन म्हणते. म्हणजे कोणती वस्तू कोणाकडून घ्यायची हेही या पोरीला ठाऊक आहे! शहर एखादे कोणतेही दिले तरी चालेल, कारण तिकडे मी क्वचितच उतरणार, असेही ती सांगून टाकते.

आणि झ्यूस काय करतो? हसतो, सगळे कबूल करतो, आणि वर तीस नगरे देतो. रस्त्यांची आणि बंदरांचीही रखवालदार नेमतो. जिला शहर नको तिला तीस शहरे! देणाऱ्याला स्वतःचे औदार्य दिसावे लागते, ते असे. त्या स्तोत्रात खरी भेट देतो तो पॅन. आर्टेमिस त्याच्याकडे जाते तेव्हा तो रानमांजराचे मांस कापून आपल्या कुत्र्यांना घालत असतो. तो तिला कुत्रे देतो, निवडक, शिकारीला तयार असलेले. पॅन स्वतः रानात राहणारा आहे, त्याला विचारावे लागत नाही. (पुढे आर्टेमिस नवे धनुष्य आधी झाडांवर चालवून पाहते आणि मग जनावरावर. हंगामाआधी बंदुकीचा नेम कागदी लक्ष्यावर पक्का करून घेणाऱ्या कोणाही शिकाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. कॅलिमाकस ग्रंथालयात वावरणारा माणूस होता, पण त्याने चौकशी केलेली दिसते.)

आता आपल्याकडचे उदाहरण. १६१७ साली नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत मोठ्या कौतुकाने नोंदवली आहे. हत्ती वाघाच्या वासाने स्थिर राहत नाही, हलत्या अंबारीतून नेम धरणे किती अवघड आहे, हे तो जाणतो, कारण तो स्वतः पट्टीचा शिकारी आहे. अशा जाणत्याने पत्नीला काय बक्षीस द्यावे? एक लाख रुपये मोलाच्या पोहोच्यांची जोडी, आणि वरून हजार अशरफ्यांची उधळण. बादशहाने अशरफ्या उधळाव्यात हे रीतीला धरूनच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या मनगटांनी बंदूक तोलली त्या मनगटांवर चढवण्यासाठी पोहोच्याच सुचाव्यात, हे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. रामपूरच्या रझा ग्रंथालयात अबुल हसनने काढलेले नूरजहानचे एक चित्र आहे. त्यात ती उभी राहून बंदूक ठासते आहे. चित्रकाराने तिचे काम पाहिले. पतीने काम पाहिले, नोंदवले, आणि मग दागिना दिला.

चारशे वर्षांनंतर दागिन्याची जागा रंगाने घेतली. २०१६ साली विस्कॉन्सिन राज्याने कायदा करून शिकाऱ्यांना झगझगीत नारिंगीऐवजी झगझगीत गुलाबी कपडे घालण्याची मुभा दिली. बंदुकीने हरणाची शिकार करताना कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी अशा रंगाचा हवा, असा तिथला नियम आहे. उद्देश साधा : रानात दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजून गोळी घालू नये. नारिंगी रंग माणसाला लांबून दिसतो, आणि हरणाच्या डोळ्यांत लाल रंग टिपणाऱ्या पेशी नसल्याने त्याला तो मळकट, पालापाचोळ्यासारखा दिसतो. गुलाबीची मुभा दिली ती अधिक स्त्रिया शिकारीकडे वळाव्यात म्हणून, असे कायदा आणणाऱ्यांनी उघडच सांगितले. पुढे कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू यॉर्क अशा काही राज्यांनीही तेच केले.

इथे मला न्यायाने बोलले पाहिजे. गुलाबी रंगाचा काही गुन्हा नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका वस्त्रविज्ञानाच्या प्राध्यापकांनी तपासून पाहिले, तेव्हा तो नारिंगीइतकाच, काही परिस्थितीत अधिकही, नजरेत भरणारा ठरला. शरदात ज्या रानाची पानेच नारिंगी होतात तिथे गुलाबी अधिक उठून दिसावा, हे सहज पटण्याजोगे आहे. म्हणजे रंग उपयोगी आहे. तो सर्वच शिकाऱ्यांसाठी उपयोगी आहे, पुरुषांसाठीही. पण विधिमंडळाला तो सुचला तो या कारणाने नव्हे. स्त्रिया शिकारीला का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना ‘आवडीचा रंग नाही म्हणून’ असे सुचले. त्याच राज्यातल्या शिकारी स्त्रियांच्या एका संघटनेच्या अध्यक्षांनी हा आमचा अवमान आहे असे तेव्हाच सांगितले होते. चांगली वस्तूही चुकीच्या कारणाने दिली की तिची भेट होत नाही, शेरा होतो.

खरे अडथळे कोणते, हे तर त्याच राज्यात पंचवीस वर्षे आधीच विचारून झाले होते. स्टीव्हन्स पॉइंट येथील विद्यापीठात क्रिस्टीन थॉमस या प्राध्यापिकेने १९९० मध्ये याच प्रश्नावर परिषद भरवली, आणि १९९१ पासून स्त्रियांना शिकार, मासेमारी, होकायंत्राने वाट काढणे इत्यादी शिकवणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या. ‘रानावनातली स्त्री होताना’ अशा अर्थाचे त्या उपक्रमाचे नाव आहे, आणि तो पुढे अनेक राज्यांत पसरला. शिकवणारे कोणी नसते, हा मोठा अडसर. अंगाला बसणारे सामान मिळत नाही, हा दुसरा. बापाने मुलाला पहाटे उठवून रानात न्यायचे आणि मुलीने निजायचे, अशी पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट असेल, तर चाळिशीतल्या स्त्रीला पहिला धडा कोण देणार? अशा एका कार्यशाळेची नावनोंदणी करून तिची पावती पाकिटात घालून देणे, याहून चांगली नाताळची भेट मला सुचत नाही. पण पावतीला चमकदार कागद गुंडाळता येत नाही, ही तिची उणीव.

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा असतो, आणि तो थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या शनिवार-रविवारी तिथल्या गावांतली दुकाने ‘हरीण-विधवांसाठी’ म्हणून खास सवलती जाहीर करतात. नवरा रानात गेला, म्हणजे बायको तेवढ्यापुरती विधवा. तिने बाजार करावा. विनोद म्हणून तो खपून जातो. परंतु शिकारीला गेलेल्या स्त्रीच्या घरी राहिलेल्या नवऱ्याला काय म्हणायचे? ‘हरीण-विधुर’ असा शब्द तिकडे रूढ नाही. आपल्यालाही हसण्याचे कारण नाही. मराठीत पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, आणि ‘वकिलीणबाई’ म्हटले तर वकिली कोण करतो हे विचारून घ्यावे लागे. ‘शिकारीण’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, तरी ऐकणाऱ्याच्या मनात आधी बंदूक येते की बंदूकवाल्याची बायको, हे ज्याचे त्याने तपासावे.

आता उपयोगी भेट या कल्पनेकडे वळू, कारण इथेच माझे प्रतिपक्षाशी खरे भांडण आहे. ‘बायकांना उपयोगी वस्तू द्या’ असे कोणी म्हटले, की शहाण्या स्त्रिया दचकतात, आणि त्यांचे दचकणे योग्य आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे जे वाण लुटले जाते ते सगळे उपयोगीच असते : गाळणी, डबे, वाट्या, किसणी. पण उपयोग कोणाला? स्वयंपाकघराला. ती वस्तू बाईच्या हाती येते आणि घराची होते. अमेरिकेतही नवऱ्याने नाताळला बायकोला धूळ ओढण्याचे यंत्र देणे हा जुना, कुप्रसिद्ध विनोद आहे. तेव्हा अशा भेटींना विटलेल्या पिढीने ‘उपयोगी काही नको, सुंदर काहीतरी द्या’ म्हटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. दुकानांनी या विटण्याचाच फायदा घेतला. दागिना हा जणू मुक्तीचा दाखला झाला, आणि सुरी मागणारी बाई पुन्हा एकदा रुक्ष ठरली.

परंतु उपयोग या शब्दाला चतुर्थी लागते. कोणाला, कशासाठी, हे सांगितल्याशिवाय तो अर्धाच राहतो. एक उदाहरण देते. कपडे धुण्याची पावडर. नाताळच्या सकाळी नवऱ्याने बायकोला कपडे धुण्याची पावडर भेट दिली, तर शेजारीसुद्धा तिची बाजू घेतील. पण बाजारातल्या बहुतेक पावडरींत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक चमकद्रव्य घातलेले असते. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडते. हरणाला लाल नीट दिसत नसला तरी निळा उत्तम दिसतो, आणि अतिनीलही काही अंशी दिसतो, हे १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणजे घरच्या पावडरीत धुतलेला शिकारीचा कोट पहाटेच्या अंधुक उजेडात हरणाला चमकताना दिसण्याची शक्यता असते. त्यात तिचा सुगंध वेगळाच. म्हणून शिकारी मंडळी चमकद्रव्य नसलेली, बिनवासाची पावडर शोधून वापरतात. तीच पावडर, तोच नवरा, तीच बायको. एका घरात तो अपमान आहे आणि दुसऱ्या घरात त्याने तिच्या कामाचा अभ्यास केल्याचा पुरावा. कर्णफुलांना हा फरक कधीच पडत नाही. ती कोणालाही दिली तरी सारखीच.

प्रेमळ अज्ञानाने दिलेली उपयोगी भेट तर दागिन्याहून घातक ठरू शकते. बायको नाजूक म्हणून तिला हलकी, आखूड रायफल देण्याचा मोह नवऱ्यांना आणि बापांना होतो. ही रायफल बहुधा मुलांसाठी काढलेली असते. गोळी पुढे जाते त्याच हिशेबाने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली, की खांद्याला बसणारा धक्का वाढतो. नाजूक म्हणून जिला हलकी बंदूक दिली तिचाच खांदा काळानिळा होतो, दोन-तीन वेळा तसे झाले की चाप ओढताना डोळे मिटू लागतात, नेम ढळतो, हरीण जखमी होऊन रानात पळते आणि तासन्‌तास तडफडून मरते. शेवटी सगळे म्हणतात, बायकांचे हे काम नव्हे. खरे पाहता हवी असते ती पुरेशा वजनाची रायफल, कमी धक्क्याचे काडतूस (७ मिमी-०८ सारखे) आणि अंगाला बसणारा दस्ता. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर, गाल टेकतो त्या कडेची उंची, खांद्याला लागणाऱ्या बुडाचा कोन, या तिन्ही गोष्टी पुरुषाचे सरासरी शरीर गृहीत धरून ठरलेल्या असतात. स्त्रीच्या छातीला दस्त्याचे खालचे टोक रुतते, लांब मानेमुळे गाल लाकडाला लागत नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे तिला घेऊन जावे, मापे घ्यावीत, दस्ता कापून वा जोड देऊन बसवून घ्यावा. शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना जे आपल्याला सहज कळते, ते बंदुकीच्या बाबतीत कळत नाही.

हीच गोष्ट झाडावरच्या मचाणाची. धातूची शिडी आणि छोटी बैठक झाडाला बांधून तीवर तासन्‌तास बसायची तिकडे पद्धत आहे. शिकाऱ्यांना होणाऱ्या इजांत या मचाणावरून पडणे हे एक प्रमुख कारण आहे, आणि पुष्कळजण बसलेले असताना नव्हे, तर चढता-उतरताना पडतात. त्यासाठी अंगभर पट्ट्यांचे सुरक्षाकवच लागते, आणि जमिनीपासून मचाणापर्यंत एक दोर, ज्यावर सरकणारी पण झटका बसताच आवळणारी गाठ असते. पट्टे पुरुषी धडाच्या मापाचे असले तर ते छातीवर आडवे येतात, म्हणून मग घातले जात नाहीत. स्त्रीच्या मापाचे कवच आणि तो दोर, हा काही डोळ्यांत पाणी आणणारा आहेर नव्हे. पाकीट उघडल्यावर कोणी ‘अय्या’ म्हणणार नाही.

आणि एक विषय, ज्यावर त्या चकचकीत याद्या मौन पाळतात. नोव्हेंबरच्या अखेरीस उत्तर विस्कॉन्सिनमध्ये पारा शून्याखाली असतो. शिकारी स्त्री खांद्यावरून पट्टे असलेली जाड विजार, त्यावर कोट, त्यावर सुरक्षाकवच अशी जखडलेली असते. लघवीला जायचे तर हे सगळे उतरवायचे, थंडीत, अंधारात. म्हणून ती पहाटेपासून पाणीच पीत नाही. पाणी न प्यायल्याने अंग आणखी गारठते. मागच्या बाजूने चेन उघडणाऱ्या, खांद्याचे पट्टे न सोडता वापरता येणाऱ्या विजारी मिळतात. माझी एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर मॅडिसनजवळ स्थायिक झाली, तिथे रीतसर शिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना घेतला, आणि आता सासरच्या मंडळींबरोबर हंगामाला जाते. पहिल्या तीन वर्षांत तिला मिळालेल्या भेटींत गुलाबी टोपी दोनदा आली. विजारीची गोष्ट तिने मला पत्रात सविस्तर लिहिली, आणि हे सासूबाईंना कसे सांगावे असे विचारले. मी म्हटले, स्पष्ट मराठीत सांग. सासूबाई नॉर्वेजियन वंशाच्या आहेत, पण आशय पोहोचला. विजार आली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आमच्याच वर्तुळातल्या सुजाण मंडळींचा. भेट ही उपयुक्ततेच्या पलीकडची असते, तिला अवजारांच्या हिशेबात ओढणे म्हणजे तिचे काव्य मारणे. हा आक्षेप ऐकायला गोड आहे. पण मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये दानावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात कोणतीही भेट निर्हेतुक नसते, ती देणाऱ्या-घेणाऱ्यांना बांधते, आणि देणाऱ्याचा काही अंश वस्तूबरोबर जातो, असे त्याने अनेक समाजांच्या चालीरीतींवरून दाखवले. मान्य. देणाऱ्याचा अंश जातोच. माझे म्हणणे इतकेच, की गुलाबी टोपीत फक्त देणाराच असतो. घेणारीला तीत जागाच उरत नाही. अवजारात काव्य नसते हे तर मला मुळीच मान्य नाही. जात्यावर ज्या भाषेत ओव्या रचल्या गेल्या त्या भाषेत तरी हा आक्षेप कोणी घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हरणे मारणाऱ्या बाईला भेट द्यावीच कशाला? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे शिकार हा जवळजवळ सर्वस्वी गुन्हा आहे, आणि आपल्या जंगलांची स्थिती पाहता तो तसाच असावा असे माझे मत आहे. पण विस्कॉन्सिन म्हणजे विदर्भ नव्हे. तिथे हरणांची संख्या प्रचंड, लांडगे थोडे, आणि दरवर्षी तीन लाखांच्या आसपास हरणे शिकारीत मारली जाऊनही शेतांची आणि कोवळ्या रानाची नासाडी चालूच असते. २००२ पासून तिथे हरणांत मेंदू पोखरणारा एक असाध्य रोगही आढळतो आहे, त्यामुळे खाण्याआधी मांसाची तपासणी करून घ्यावी असे सरकारच सांगते. शिवाय १९३७ च्या एका कायद्यान्वये रायफली आणि काडतुसांच्या विक्रीवर तिथे अकरा टक्के कर आहे, आणि तो राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे जातो. कर्णफुलांवर असा कर नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते. एवढे ऐकूनही कोणाला शिकार अमान्य असेल तर मी त्यांच्या मताचा आदर करते. मात्र त्यांनी सरळ नकार द्यावा. हरणाचे चित्र काढलेला पेला देऊन ‘तुझा छंद आम्हाला ठाऊक आहे, पण आम्ही तो गंभीरपणे घेत नाही’ असे सुचवणे, हा नकाराचा भ्याड प्रकार आहे.

ज्यांना शिकारी स्त्री ही अलीकडची फॅशन वाटते, त्यांनी पेरू देशातले एक दफन आठवावे. पुनो प्रांतात विलमाया पात्शा नावाच्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी पुरलेली एक व्यक्ती २०१८ साली सापडली. सोबत एकत्र ठेवलेली हत्यारे होती : भाल्याची दगडी टोके, कापायच्या धारदार कपच्या, कातडे खरवडायची साधने, कातडे कमवायला लागणारी गेरू. उत्खनन करणाऱ्यांना आधी वाटले, हा कोणी थोर शिकारी, टोळीचा नायक असणार. मग दातांतली प्रथिने तपासली. ती सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी होती. २०२० साली रँडल हास आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा काही पुरातत्त्वज्ञांनी शंका घेतली, की पुरलेल्याजवळची वस्तू पुरलेल्याचीच असेल कशावरून? शंका रास्त आहे. मात्र त्या वस्तू नायकाजवळ सापडल्या असे वाटत होते तोवर कोणाला ती सुचली नव्हती. मला त्या दफनात शिकारीइतकेच दुसरे काही दिसते. कोणीतरी, बहुधा तिच्या माणसांनी, मेलेल्या मुलीच्या मांडीशी हत्यारे मांडली, आणि कातडे खरवडायचे साधन विसरले नाहीत. शिकार पडल्यानंतरचे निम्मे काम तिथे सुरू होते, हे त्यांना माहीत होते.

शिकार पडल्यानंतरचे ते काम आजही याद्यांत नसते. हरणाचे पोट जागेवरच फाडून आतडी काढावी लागतात, नाहीतर मांस नासते. त्यासाठी चित्रपटात दिसते तशी लांबलचक सुरी कामाची नाही. चार इंचांहून आखूड, न दुमडणाऱ्या पात्याची, ओल्या हातातून न निसटणारी सुरी हवी. रक्तात मूठ दिसावी म्हणून तिचा रंग भडक असलेला बरा. तिथे गुलाबीही चालेल. सोबत धार लावायचा दगड, कोपरापर्यंतचे हातमोजे, मांस गार करताना माशा बसू नयेत म्हणून सुती पिशव्या. आणि मेलेले हरीण गाडीपर्यंत ओढत न्यायचे, तर दोराबरोबर आणखी एक माणूस.

तो माणूस मात्र दुकानात मिळत नाही. हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे चारला उठून मुलांचे डबे कोणी भरायचे, हा प्रश्न शिकारी पुरुषाला कधी पडलेला नसतो. थँक्सगिव्हिंगची टर्की त्याच आठवड्यात भाजायची असते, आणि पाहुणेही त्याच आठवड्यात येतात. नवऱ्याने ऑक्टोबरातच एका कागदावर त्या नऊ दिवसांच्या तारखा लिहून ‘हे दिवस तुझे, घर मी पाहतो’ असे खाली लिहिले, आणि ते पाळले, तर त्या पाकिटात दुसरे काही घालायची गरज नाही. पाहुण्यांनी टर्की जरा करपलेली खावी.